कंसातली रेल्वे आणि कंसाबाहेरची फटफटी

आमच्या गावाचं नाव लिहिताना कंस काढावा लागतो. सिंदी (रेल्वे). वर्ध्याला खेटून दुसरी एक सिंदी आहे, तिच्या कंसात मेघे. दोन्ही सिंद्यांची गल्लत होऊ नये म्हणून आमच्या कपाळी रेल्वे आली. ती नुसती नावापुरती नाही. नागपूर-वर्धा लोहमार्ग गावाला लागून आहे आणि मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याकडे जे जे म्हणून जातं, ते आमच्या उशाशी शिट्टी मारून जातं. कोळशाच्या मालगाडीचे डबे मोजत आमच्या दोन-तीन पिढ्या बेरीज शिकल्या. असल्या गावानं माझ्या एका मोटारसायकलीच्या आवाजाबद्दल कुरकुर करावी, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

कुरकुर घेऊन आले ते शेजारचे काकाजी. वय ऐंशीच्या घरात आणि कान शाबूत.

"सर, रेल्वेबद्दल आपलं काही म्हणणं नाही जी," ते म्हणाले. "तिचं टाइमटेबल असते. तुमचं नाही."

"काकाजी, रेल्वे उशिरा येते."

"येते. पण दोन घरं ओलांडून येते. तुमची तं खाटेखालून जाते."

माझी गाडी म्हणजे यामाहा आरएक्स १००. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, दोन स्ट्रोक. १९८५ साली एस्कॉर्ट्सनं ती भारतात आणली आणि १९९६ साली तिचं उत्पादन थांबलं. त्याच १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. ती चार स्ट्रोकची. सारा देश हळूहळू तिच्यामागे गेला, कारण ती पेट्रोल कमी प्यायची आणि बोलायचीही कमी. काकाजींच्या मुलाकडे ती आहे. ती चालू झाली की नाही हे त्यालाच कळत नाही. चालू गाडीला पुन्हा किक मारताना मी त्याला दोनदा पाहिलंय.

या दोन जातींत फरक काय, हे वर्गात समजावून सांगायची पाळी माझ्यावर एकदा आली होती (विज्ञानाचे सर रजेवर होते, मी मराठीचा). चार स्ट्रोकचं इंजिन म्हणजे संस्कारी माणूस. घास घेतो, चावतो, गिळतो, मग तोंड पुसून बोलतो. दोन स्ट्रोकचं इंजिन तोंडात घास असतानाच बोलतं. त्याला एवढा धीरच नाही. चाक-दांडा एकदा फिरला की एक स्फोट. चार स्ट्रोकवाल्याला त्यासाठी दोन फेऱ्या लागतात. मिनिटाला तीन हजार फेरे धरले तर माझी गाडी सेकंदाला पन्नासदा बोलते आणि काकाजींच्या मुलाची पंचवीसदा. त्यात वर झडपांचा पहारा नाही. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या. दट्ट्या खाली उतरला की धुराची खिडकी उघडते आणि आतला दाब अजून गरम असतानाच बाहेर उडी मारतो. फटफटी हा शब्द आपल्या लोकांनी शब्दकोश उघडून तयार केलेला नाही. कान उघडे ठेवून तयार केलाय.

आता सायलेन्सर. पोरांना वाटतं ती नुसती धुराची नळी. दोन स्ट्रोकच्या गाडीत तो यजमान असतो. धुराची खिडकी उघडी असतानाच ताजं पेट्रोल आत येत असतं, त्यामुळे थोडं न जळताच दाराबाहेर निघतं. मधे फुगीर आणि पुढे निमुळता असा जो सायलेन्सरचा आकार, तो दाबाची लाट उलटी पाठवतो आणि त्या पळत्या पेट्रोलला परत आत ढकलतो. पंगतीतून अर्धवट उठलेल्या पाहुण्याला दारात गाठून पुन्हा पाटावर बसवणारा आपल्याकडचा यजमान असतो ना, तसा. आणि शेवटी, शेपटीच्या टोकाशी, एका लहानशा बोल्टनं अडकवलेली भोकाभोकांची नळी असते. तिला सगळे जाळी म्हणतात. आवाज त्या भोकांमधून विभागून, दमून बाहेर पडतो.

ती जाळी माझ्या गाडीत १९९४पासून नव्हती.

मीच काढली होती. मी बावीस वर्षांचा होतो, गाडी एक वर्षाची होती आणि आम्हां दोघांनाही अक्कल नव्हती. जाळी काढली की गाडी जास्त पळते, असं तेव्हा सगळी पोरं छातीठोकपणे सांगायची. एका मिस्त्रीनं पाच रुपयांत तो बोल्ट सोडला, पक्कडीनं जाळी ओढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "जपून ठेव, लागंन कधी." गाडी तेवढीच पळाली. आवाज मात्र तिच्या बराच पुढे पळाला. एका विशिष्ट घरासमोरून मी तेव्हा रोज सायंकाळी जात असे. त्या घरातली मुलगी पुढे माझी बायको झाली, आणि लग्नानंतर मी तिला विचारलं की माझी गाडी ऐकून काय वाटायचं. "मले वाटे, चक्की चालू झाली," ती म्हणाली. "दोनदा दळण घेऊन निघाली होती मी."

खरं तर आमचा जिल्हा मौनाचा. सेवाग्रामला गांधीजी सोमवारी मौन पाळत. पवनारला विनोबांनी २५ डिसेंबर १९७४पासून सबंध वर्षभर मौन धरलं, मधे आणीबाणी लागली तरी लेखणीच चालवली. त्या पवनारच्या पुलावरून मी तीस वर्षं सेकंदाला पन्नास शब्द बोलत गेलोय. जिल्ह्यात दारूबंदीही आहे, आणि हे मान्य करायला हवं की त्या कामी माझ्या गाडीचा आवाज फार उपयोगी पडला. नाक्यावर पोलिसांनी माझी डिक्की कधीच उघडायला लावली नाही. चोरटा माल नेणारा माणूस असा वाजत येणार नाही, एवढं साधं अनुमान.

पण काळ बदलला. मोटार वाहन नियमांत १२० क्रमांकाचा नियम सायलेन्सरचाच आहे, आणि कायद्याच्या १९०व्या कलमात २०१९ साली दुरुस्ती होऊन आवाजाच्या गुन्ह्याला पहिल्या खेपेस दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं झालं. पाच रुपयांत काढलेली जाळी दहा हजारांत पडायची वेळ. नागपुरात, पुण्यात पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं निजवून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवला, त्याचे फोटो मुलानं मला पाठवले. खाली काही लिहिलं नव्हतं. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५ ही मर्यादा मी वाचली, आणि काकाजींच्या मुलानं मोबाइलवर कसलंसं अॅप उघडून माझ्या गाडीशी धरलं. आकडा त्यानं मला दाखवला नाही. मोबाइल खिशात ठेवून तो म्हणाला, "जाऊ द्या, सर."

यंदा उन्हाळ्यात तर कहरच झाला. गाडीच्या मूळ आवाजात दुसरा एक आवाज मिसळला, ढेकरेसारखा. तिसरा खालून यायचा, तो पत्रा हलल्यासारखा. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर एका रविवारी मी गाडी मिस्त्रींकडे नेली. १९९४चे ते मिस्त्री नाहीत. हे त्यांचे पुतणे, पण तेही आता पन्नाशीचे. त्यांनी मला गाडी बंदच करू दिली नाही. डोळे मिटून, वैद्यानं नाडी धरावी तसे ते गाडीजवळ उकिडवे बसले.

"तीन आवाज हायेत जी, सर. एक समोरून, एक खालून, एक मागून. बीमारी एक नाही."

मग त्यांनी एक फडकं बादलीत बुडवलं, पिळलं आणि सायलेन्सरच्या तोंडावर गच्च दाबून धरलं. चांगल्या गाडीचा जीव अशा वेळी गुदमरतो, ती बंद पडते. माझी पडली नाही. इंजिनाजवळ, जिथे सायलेन्सर सिलिंडरला मिळतो तिथून, फुस्स-फुस्स करत तिनं दुसरा रस्ता काढला. "पाहा," ते म्हणाले. सिलिंडरच्या पहिल्या दोन पात्यांवर काळं, ओलं तेल ओघळलेलं होतं; नाक गळणाऱ्या पोराच्या ओठावर दिसतं तसं. आतलं पॅकिंग गेलं होतं. पॅकिंग म्हणजे बांगडीएवढी एक रिंग. ती तीस रुपयांची. ती काढायला मात्र दीड तास लागला, कारण दोनपैकी एक नट तीस वर्षांच्या संसारात जागेवरच एकजीव झाला होता. त्याला डिझेल पाजलं, हातोडीनं टिचक्या मारल्या, शेवटी छिन्नीनं फोडला. ढेकर बंद झाली.

खालचा आवाज म्हणजे सायलेन्सरच्या पोटाला गंजून पडलेलं भोक. तिथे पितळेचा टाका बसला. टाका मारणाऱ्यानं मला विचारलं, "आत काय भरून ठेवलं, सर? डांबर?"

ते डांबर माझंच पाप. या गाडीत ऑइलचा वेगळा पंप असतो, तो ज्याचं त्याचं मापून घेतो. माझा पंप केव्हाच सुटला होता आणि मी पेट्रोलच्या टाकीतच ऑइल ओतत असे. लिटरला ४० मिली, असं मला सांगितलेलं. मी इंजिनाला कमी पडू नये म्हणून सढळ हातानं ओतायचो, लेकीच्या सासरच्यांना तूप वाढावं तसं. जास्तीचं ऑइल जळत नाही, सायलेन्सरात जाऊन बसतं आणि त्याचा कार्बन होतो. यावर उपाय दोन: कॉस्टिक सोड्यात रात्रभर भिजवणे, नाहीतर भाजणे. मिस्त्री भाजण्याच्या पक्षाचे.

सायलेन्सर भाजायला आमच्याकडे पऱ्हाटीसारखं सरपण नाही. कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्यांचा भारा मागच्या सपरीत कोरडा होता. खाली गोवऱ्या, वर पऱ्हाट्या, मधे तो तीन फुटी सायलेन्सर. पहिली पाच मिनिटं काही झालं नाही. मग त्याच्या शेपटीतून पिवळसर, दाट, तेलकट धूर निघाला आणि त्याच्या मागून हातभर जाळ, भुसनळ्यासारखा. गल्ली गोळा झाली. काकाजी नाकाला उपरणं लावून म्हणाले, "आवाज बंद कराले सांगितलं होतं, सर. वास चालू कराले नाही." थंड झाल्यावर मिस्त्रींनी लाकडी मोगरीनं त्याला हळूहळू ठोकलं, तेव्हा आतून जळक्या पापडासारखे काळे पापुद्रे पडले. मी ते गोळा करून किलोच्या तराजूत टाकले. पाऊण किलो. तेवढं ओझं मी तीस वर्षं वर्ध्याला नेत-आणत होतो. क्रोमची झळाळी गेली ती गेलीच. नळी इंद्रधनुषी निळी-जांभळी झाली. बायको म्हणाली, बरी दिसते, मोराच्या मानेसारखी.

राहिला तिसरा आवाज, मागचा. म्हणजे जाळी.

"जाळी कुठी हाये?" मिस्त्रींनी विचारलं. मी आकाशाकडे पाहिलं. घरात शोध झाला. कोठीत निघालेल्या वस्तूंत एक तुटका पंप, लग्नात आलेली तीन घड्याळं आणि माझी दहावीची गुणपत्रिका होती. ती मी लगेच परत ठेवली. जाळी नाही. मग मी नागपूरहून डुप्लिकेट जाळी आणली. आरएक्सचे सुटे भाग अजून मिळतात, या गाडीवर जीव टाकणारे आता माझ्या पोराच्या वयाचे आहेत. ती बसवली. तिचा पत्रा असा काही पातळ होता की फटफट कमी होऊन त्यात खणखण मिसळली. धावत्या गाडीला कुणी फाटकाची घंटा बांधलीय असं वाटायचं. चार दिवस मी ती वाजवत शाळेत गेलो. पाचव्या दिवशी सातवीतल्या एकानं फळ्यावर माझं चित्र काढून गळ्यात घंटा बांधली होती. चित्र चांगलं होतं.

पोळा आठवड्यावर आला. बाहेरच्यांसाठी सांगतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा असतो, तो पोरांचा. लाकडी बैल सजवून पोरं ओढत नेतात आणि घरोघर बोजारा मागतात. आमच्या सिंदीचा तान्हा पोळा नावाजलेला आहे. इथे माणसाहून उंच लाकडी नंदी निघतात, सजावट असते, गर्दी उसळते. आमच्या घरचा बैल मात्र गुडघ्याएवढा. २००३ साली माझ्या मुलासाठी सुतारानं घरीच बसून केलेला. आता तो माझ्या पुतण्याच्या मुलाकडे आहे. वय वर्षं सात.

पोरानं बैल माळ्यावरून उतरवला, ओसरीत उताणा केला आणि चाकांना तेल सोडायला घेतलं. मी पेपर वाचत होतो. सहज नजर गेली. बैलाच्या पाटाखाली, पुढच्या दोन चाकांच्या मधोमध, लाल ऑइलपेंटचे थरावर थर चढलेली एक नळी होती. रंगाखाली सारख्या अंतरावर खळगे. एक, दोन, तीन, चार, रांगेनं. एका टोकाला चपटी चकती. मी पेपर खाली ठेवला. नखानं एक खळगा खरवडला, तर आरपार भोक.

मग आठवलं. सुतारानं आईला विचारलं होतं, आसासाठी एखादा लोखंडी तुकडा आहे का. आईनं कोठीत हात घातला आणि जे पहिलं हाताला लागलं ते दिलं. वर म्हणाली होती, "याले पयलेच भोकं हायेत. खिळा बराबर बसते." दोन्ही टोकांना चाकं, आणि चाकं निसटू नयेत म्हणून कारखान्यानं पाडलेल्या भोकांतून आमच्या सुताराचे खिळे. वर्षातून एकच दिवस फिरायचं, त्यामुळे नळी जराही झिजली नव्हती. बावीस वर्षं माझ्या गाडीचं मौन बैलाच्या पोटाखाली होतं, आणि दरवर्षी त्याला मीच कुंकू लावत होतो.

"ही नळी मला लागते," मी म्हणालो.

"काहून, आबाजी?"

"गाडीची आहे."

"बैलाची हाये."

कागदपत्रं दोघांकडेही नव्हती. त्यानं विचार केला. "मंग बैल लंगडा होईन."

वाटाघाटी दोन दिवस चालल्या. शेवटी ठरलं ते असं: नवा आस मी द्यायचा, चाकं मी बसवायची, आणि त्याला बोजारा आगाऊ शंभर रुपये, शिवाय तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पुन्हा वेगळा. जुन्या कूलरच्या स्टँडचा गज कापून मी आस केला. चाकाचं भोक मोठं, गज बारीक. त्याला मी दोन्हीकडे कापडाच्या चिंध्या गुंडाळल्या. मराठीच्या मास्तरला जमेल तेवढं सुतारकाम.

जाळी मिस्त्रींनी पेट्रोलनं धुतली. लाल रंग काही सगळा निघाला नाही. एकतीस वर्षांनी ती आपल्या जागी सरकली तेव्हा अगदी शेवटी 'टक्' असा एक आवाज झाला, त्यावर मिस्त्रींनी मान डोलावली. बोल्ट आवळला. मी किक मारली. सायलेन्सर बोलला, पण घरातल्या घरात बोलल्यासारखा. बारीक, घट्ट, जरा घोगरा. १९९३ साली शोरूममधून निघताना तिचा हा आवाज होता, मी विसरूनच गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी शाळेत पोचलो तर सातवीचा वर्ग बाकांवर उभा होता. माझ्या खुर्चीवर एक जण माझ्याच आवाजात समास शिकवत होता. तीस वर्षं हे रोज होत असणार, आणि तीस वर्षं माझी गाडी त्यांना वेशीपासूनच वर्दी देत आली असणार. मधल्या सुट्टीत तिघांचं शिष्टमंडळ भेटायला आलं. "सर, गाडी बिघडली काय जी तुमची?" मी म्हणालो, नाही, दुरुस्त केली. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "पयलेच चांगली होती, सर." मुख्याध्यापकांनाही तेच वाटत असावं, मी किती वाजता येतो हे त्यांना खिडकीशी न जाता कळायचं, आता त्यांना रजिस्टर पाहावं लागतं. काकाजींना मी विचारलं, आता झोप लागते ना? ते म्हणाले, लागते, पण तुम्ही आले की नाही आले याचा विचार करत जागा राहतो.

घरातही एक अडचण झाली. मी सायंकाळी स्टेशनकडून वळलो की बायको आवाज ऐकून चहाचं आधण ठेवायची, आणि मी जोडे काढेपर्यंत चहा गाळलेला असायचा. हा हिशेब लग्नापासूनचा. आता मी दाराशी येऊन उभा राहिलो तरी तिला पत्ता नसतो, आणि चहा पंधरा मिनिटं उशिरा. त्याबद्दल मी काही बोललो नाही. शांतता मीच आणली होती.

तान्ह्या पोळ्याला मी बाजारातून जरा लवकर परतलो. गाडी सपरीत लावली, ओसरीवर टेकलो, जोड्याची नाडी सोडू लागलो. बायको पाठमोरी, मुरमुऱ्याला फोडणी घालत होती. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक आवाज उठला. कर्र-कुईई, कर्र-कुईई. चिंध्या सुटल्या होत्या आणि कूलरचा गज कोरड्या लाकडात फिरत होता. पुतण्याचा मुलगा बैल ओढत येत होता, मागे दहा-बारा पोरं, त्यांच्या बैलांना घुंगरं होती पण ऐकू येत होता तो हाच. वाटेत कुणीतरी तेलाची कुपी पुढे केली असणार, कारण त्याचं ओरडणं स्पष्ट आलं, "नाही टाकत! आवाज जाते!"

काकाजींनी खिडकी लावून घेतली.

बायकोनं कान टवकारले, गॅसवरची कढई उतरवली आणि त्या जागी चहाचं भांडं ठेवलं.

"आले वाटते," ती म्हणाली.

मी तिच्या मागेच, एक जोडा हातात धरून बसलो होतो.